शाईविना दोन रंग: थर्मल पावती स्पष्ट आणि सुरक्षित कशी होते

खरेदीची एखादी पावती समोर घ्या आणि तिच्या रिकाम्या जागी नखाने झटकन, जोर देऊन एक रेघ ओढा. करडी-काळी रेघ उमटेल. नखाला शाई नव्हती, कागदावरही नव्हती. घासताना क्षणभर जी उष्णता तयार झाली, तिनेच ती रेघ काढली. दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक पावत्या अशाच उष्णतेने लिहिलेल्या असतात. त्या छापणाऱ्या यंत्रात शाईची बाटली नसते, रिबन नसते, टोनरही नसतो. रंग कागदातच झोपलेला असतो आणि यंत्र त्याला फक्त जागं करतं.

आता अशा कागदाची कल्पना करा, ज्यात एकाऐवजी दोन रंग झोपलेले आहेत. थोड्या उष्णतेला लाल जागा होतो, जास्त उष्णतेला काळा. यंत्र तेच, रोल एकच, शाई अजूनही नाही, आणि तरी पावती दोन रंगांत बाहेर येते. असा कागद आणि त्याला चालणारे प्रिंटर बाजारात बऱ्याच वर्षांपासून आहेत. पण दुसऱ्या रंगाकडे पाहिलं जातं ते बहुतेक सजावट म्हणून: वर लाल बोधचिन्ह, खाली लाल अक्षरांत 'धन्यवाद'. मला ही मोठी नासाडी वाटते. हा रंग नीट वापरला तर पावती वाचणाऱ्याची चूक कमी होते आणि पावतीत फेरफार करणाऱ्याचं काम फार अवघड होतं. हे कसं घडतं ते कळण्यासाठी आधी कागदाच्या पोटात शिरावं लागेल.

कागदात काय दडलेलं असतं

थर्मल कागद म्हणजे साध्या कागदावर चढवलेले काही पातळ थर. त्यातल्या मुख्य थरात तीन पदार्थ बारीक भुकटीच्या रूपात शेजारी शेजारी बसवलेले असतात. पहिला म्हणजे ल्युको रंजक. 'ल्युको' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'पांढरा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, कारण हे रंजक मुळात रंगहीन असतं. दुसरा डेव्हलपर, म्हणजे सौम्य आम्लासारखा वागणारा पदार्थ. तिसरा सेन्सिटायझर, मेणासारखा, ठरावीक तापमानाला चटकन वितळणारा.

कागद थंड असतो तोवर तिघंही घन अवस्थेत आपापल्या जागी असतात. शेजारी असूनही त्यांची भेट होत नाही. उष्णता मिळाली की सेन्सिटायझर वितळतो, बाकीच्या दोघांना आपल्यात विरघळवून घेतो आणि रंजकाची डेव्हलपरशी गाठ पडते. रंजकाच्या रेणूत लॅक्टोन नावाचं एक कडं असतं. ते मिटलेलं असताना रेणू दृश्य प्रकाश शोषत नाही, म्हणून पांढरा दिसतो. डेव्हलपरच्या संगतीत हे कडं उघडतं, इलेक्ट्रॉनांना रेणूभर फिरायला मोकळी वाट मिळते, रेणू प्रकाश शोषू लागतो आणि रंग दिसतो. कोणता रंग दिसणार, हे रेणूच्या रचनेवर ठरतं. क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे रंजक निळा-जांभळा रंग देतं. कार्बन न घालता खालच्या पानावर प्रत उमटवणारी जी पावतीपुस्तकं असतात, त्यांच्या कागदात १९५०च्या दशकापासून हेच रसायन कामाला लागलं. थर्मल कागद त्याच घराण्यातला. तिथे दाबाने रंजकाच्या सूक्ष्म कुप्या फुटून रसायनांची भेट होते, इथे उष्णतेने.

थर्मल प्रिंटर घडवण्यात जॅक किल्बी यांचा मोठा वाटा आहे. इंटिग्रेटेड सर्किटसाठी २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले किल्बी ते हेच. ते ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते, त्या कंपनीने १९७१ साली 'सायलेंट ७००' नावाचं टर्मिनल, म्हणजे संगणकाशी जोडायचं छापयंत्र, बाजारात आणलं. नावातच त्याचं कौतुक होतं. तोवरची छापयंत्रं कागदावर ठोके मारत. हे गुपचूप छापत असे.

डोकं म्हणजे ठिपक्यांची रांग

प्रिंटरमधला कागदाला चिकटून राहणारा भाग म्हणजे प्रिंट हेड. त्याच्या कडेला अतिसूक्ष्म रोधकांची (रेझिस्टर, म्हणजे वीज गेली की तापणारे भाग) एक सरळ रांग असते. पावत्यांच्या प्रिंटरमध्ये साधारणपणे एका मिलिमीटरला ८ रोधक असतात. ८० मिमी रुंदीच्या रोलवर ७२ मिमी छापता येतं, म्हणजे रांगेत ५७६ रोधक. ५८ मिमीच्या छोट्या रोलवर छपाईची रुंदी ४८ मिमी आणि रोधक ३८४. रोधकातून क्षणभर वीज गेली की तो तापतो, त्याखालचा कागद रंगतो, कागद एका रेघेइतका पुढे सरकतो आणि पुढची रेघ सुरू होते. हेड जागचं हलत नाही, कागदच हलतो.

वेगाचा हिशेब करून पाहिला की यंत्राबद्दल आदर वाटू लागतो. कागद सेकंदाला २०० मिमी सरकत असेल, तर सेकंदाला १६०० रेघा छापल्या जातात. एका रेघेच्या वाट्याला येतो ०.६२५ मिलिसेकंद, आणि एवढ्यात रोधकाला तापायचंही आहे आणि निवायचंही आहे. हाताच्या वितीएवढ्या, २० सेंटिमीटर लांब पावतीत ९ लाखांहून जास्त ठिपक्यांच्या जागा असतात, आणि त्यातल्या प्रत्येकीबद्दल यंत्राला ठरवावं लागतं की इथे उष्णता द्यायची की नाही.

एकरंगी छपाईत प्रश्न एवढाच: द्यायची की नाही. दोनरंगी छपाईत त्यात एक भर पडते: किती द्यायची?

थोडी उष्णता, जास्त उष्णता

दोनरंगी कागदात वेगवेगळ्या तापमानाला जागी होणारी दोन रंजकं असतात. सोयीसाठी आपण कमी तापमानाच्या रंगाला लाल म्हणू आणि जास्त तापमानाच्या रंगाला काळा. निळा-काळा असा कागदही असतो. कधी हे रंग दोन वेगळ्या थरांत असतात. कधी जास्त तापमानाचं रंजक पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत कोंडलेलं असतं आणि ते कण पुरेसे तापल्याशिवाय त्याला बाहेरच्या डेव्हलपरची भेट होत नाही. रोधकाला लहान विद्युतस्पंद दिला की लाल जागा होतो, मोठा दिला की काळा.

इथे एक साधी शंका यायला हवी. कागद जास्त तापला, तर वाटेत लाल रंगाचं तापमानही लागणारच. मग काळ्याच्या जागी लालही जागा होणार. त्याचं काय? यावर दोन उत्तरं आहेत. पहिल्या प्रकारच्या कागदात दोन्ही रंग एकमेकांत मिसळू देतात. काळा सगळंच झाकून टाकतो, त्यामुळे त्यातला लाल दिसत नाही. म्हणून जास्त तापमानाचा रंग बहुधा काळा असतो. दुसऱ्या प्रकारच्या कागदात रंग पुसणारं रसायन घातलेलं असतं. तापमान वर गेलं की ते वितळतं, लाल रंजकाची डेव्हलपरशी झालेली जोडी मोडतं आणि लाल पुन्हा रंगहीन होतो. मग वर उमटणारा रंग निर्भेळ मिळतो. या दुसऱ्या प्रकारात रसायनांचं गणित नाजूक असतं, पण लाल आणि निळा यांसारखी जोडी स्वच्छ हवी असेल तर तोच मार्ग आहे.

छपाईतली खरी अडचण रंगांच्या सीमेवर येते. उष्णता आखून दिलेल्या चौकटीत राहत नाही. काळ्या ठिपक्याच्या मध्यभागी तापमान जास्त, कडेला कमी. कडेला ते लालच्या टप्प्यात येतं आणि काळ्या अक्षराभोवती लालसर किनार दिसते. उलट, लाल भाग सलग छापत गेलो तर रोधक हळूहळू तापत जातो आणि लाल मळकट, तपकिरी होऊ लागतो. म्हणून चांगला प्रिंटर प्रत्येक रोधकाचा थोडा पूर्वेतिहास लक्षात ठेवतो. मागच्या काही रेघांत तो तापला होता का, त्याचे शेजारी तापले होते का, हे पाहून पुढचा स्पंद लहान-मोठा करतो. हेड किती गरम आहे हे सांगणारा थर्मिस्टर त्यात असतोच. एवढं करूनही दोन रंगांना एकरंगीपेक्षा सावकाश छापावं लागतं, कारण लाल आणि काळा यांच्यातलं अंतर सांभाळायला यंत्राला उसंत लागते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. दोनरंगी कागदावरच्या कोणत्याही ठिपक्याला तीन पायऱ्या आहेत: पांढरा, लाल, काळा. उष्णतेने वरची पायरी चढता येते, खाली उतरता येत नाही. पांढऱ्याचा लाल होईल, लालचा काळा होईल; काळ्याचा लाल किंवा लालचा पांढरा कोणतंही प्रिंट हेड करू शकत नाही. सुरक्षेचा भाग बराचसा या एकेरी वाटेवर उभा आहे.

लाल कशाला वापरावा

पावतीवर लाल-काळा ही जोडी थर्मलने आणलेली नाही. ठोके मारून छापणाऱ्या यंत्रांत अर्धी काळी, अर्धी लाल रिबन असायची. बेरजेच्या यंत्रांवर वजा रक्कम लाल यायची, म्हणजे हिशेब तपासणाऱ्याच्या डोळ्यांना ती आपोआप टोचायची. पावती प्रिंटरांच्या प्रचलित आज्ञावलीत रंग निवडण्याची आज्ञा त्या काळापासून आहे आणि दोनरंगी थर्मल प्रिंटरांनीही ती उचलली. त्यामुळे बिलिंगच्या प्रणालीत लाल रंग आणणं वाटतं तेवढं अवघड नसतं. अमुक ओळीपूर्वी रंगाची आज्ञा पाठवायची आणि ओळ संपली की काळ्यावर परत यायचं.

अवघड असतो तो संयम. लाल रंगाने एकच काम करावं: जे चुकलं तर नुकसान होतं, ते दाखवावं. परतीची शेवटची तारीख, रद्द झालेली नोंद, परत दिलेली रक्कम, 'दुबार प्रत' हा शिक्का. एका पावतीवर अशा एक-दोन जागा असतात. आठ जागी लाल आला की डोळा त्याला सरावतो आणि मग तो कशालाच लाल म्हणून पाहत नाही. बोधचिन्ह लाल छापण्याचा मोह मी समजू शकते, पण ज्या पावतीवर ग्राहकाने परतीची तारीख वाचावी असं मनापासून वाटतं, तिथे लाल रंग त्या तारखेसाठी राखून ठेवावा.

लाल-काळा हा भेद सगळ्यांना सारखा दिसत नाही, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्या रंगांच्या आकलनात कमी-जास्त अडचण असते. इतर समाजांत हे प्रमाण वेगळं असलं तरी अशी माणसं सगळीकडे आहेत. त्यांच्यातल्या एका गटाला लाल रंग मुळातच काळपट दिसतो. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांत मिसळलेला लाल शब्द त्यांना वेगळा काढता येत नाही. म्हणून रद्द नोंद नुसती लाल करू नये, तिच्यापुढे 'रद्द' असं लिहावंही. तारीख लाल करावी आणि चौकटीतही घालावी. निळा-काळा कागद मिळत असेल तर अशा वाचकांसाठी तो पुष्कळदा जास्त सोयीचा ठरतो.

डोळे आणखी एकाचे असतात, स्कॅनरचे. काउंटरवरचे बरेच बारकोड स्कॅनर लाल प्रकाश टाकतात. लाल छपाई लाल प्रकाश परतवते, पांढरा कागदही परतवतो, म्हणजे स्कॅनरला दोन्ही सारखेच उजळ दिसतात. लाल रंगात छापलेला बारकोड माणसाला ठळक दिसेल आणि स्कॅनरला कोरा कागद वाटेल. बारकोड नेहमी काळ्यातच छापायचा. पण स्कॅनरच्या याच आंधळेपणाचा सुरक्षेसाठी सुरेख उपयोग होतो.

खोटी पावती कुठून येते

पावती हा वस्तू परत करण्याचा, हमीचा, खर्चाचा परतावा मागण्याचा पुरावा आहे, आणि जिथे पुराव्यावर पैसे मिळतात तिथे तो बनवण्याची युक्तीही निघते. प्रकार ढोबळमानाने तीन. एक, खऱ्या पावतीत फेरफार: रकमेत आकडा वाढवणं, तारीख बदलणं. दोन, खऱ्या पावतीची नक्कल करून तीच वस्तू किंवा तोच खर्च पुन्हा दाखवणं. तीन, पावती अगदी खरी, पण माणूस खोटा: टाकून दिलेली पावती उचलून तिच्यातली वस्तू शेल्फवरून घ्यायची आणि परत करायला आणायची. तिन्हींचं औषध एक नाही, आणि दुसरा रंग पहिल्या दोघांवर चालतो, तिसऱ्यावर नाही.

आधी फेरफार. एकरंगी थर्मल पावतीवर आकडा वाढवायला शाईही लागत नाही. तापलेलं बारीक टोक किंवा दुसरा प्रिंटर त्याच रंगात, त्याच पोताची भर घालू शकतो. तीनचा आठ करायला इंग्रजी आकड्यांत डावीकडे दोन वळणं पुरतात. शून्याचाही आठ होतो, एकचा सात होतो. आता आधी सांगितलेली एकेरी वाट आठवा. उष्णता फक्त गडद करू शकते. मग रक्कम दोनदा छापायची: एकदा पांढऱ्यावर काळी आणि एकदा उलटी, म्हणजे गडद पट्टीत पांढरी. पहिल्या ठिकाणी तीनचा आठ करता येईल, कारण तिथे गडद भर घालायची आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याच तीनचा आठ करायला पांढरा भाग वाढवावा लागेल, म्हणजे रंगलेल्या ठिपक्याला पुन्हा पांढरं करावं लागेल. ते उष्णतेला जमत नाही. उलट्या पट्टीत आठचा तीन करता येतो, पण तो साध्या छपाईत करता येत नाही. म्हणजे दोन ठिकाणच्या रकमा एकमेकींच्या पहारेकरी होतात. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. ती कागदाच्या स्वभावातूनच आलेली आहे.

दुसऱ्या रंगाने हा पहारा अधिक पक्का होतो. उलटी पट्टी लाल ठेवली आणि तिच्यावर बारीक काळी जाळी टाकली, तर त्या चौकोनात पांढरा, लाल आणि काळा असे तिन्ही थर एकमेकांत गुंफलेले असतात. रसायन लावून काही पुसायला गेलं तर ते फक्त एका आकड्यापुरतं थांबत नाही. द्रावक पसरतो, जाळी तुटते, रंग फुटतो किंवा विटतो, आणि बिघाड नुसत्या डोळ्यांना दिसतो. काउंटरवरच्या माणसाकडे पावती निरखायला काही सेकंदच असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसणं हेच इथे मोलाचं. 'दुबार प्रत' हा शिक्काही आडवा, लाल, मजकुरावरून जाणारा असावा. तो झाकायचा तर खालचा मजकूरही झाकला जातो आणि पुसायचा तर सगळंच पुसलं जातं.

आता नक्कल. इथे स्कॅनरच्या आंधळेपणाची गोष्ट येते. काळा बारकोड छापायचा आणि त्याच्या पट्ट्यांमधल्या पांढऱ्या जागांत लाल रेघांची नक्षी भरायची. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला ती नक्षी दिसत नाही, त्यामुळे मूळ पावती सरळ वाचली जाते. काळी-पांढरी झेरॉक्स काढली की लालची गडद करडी होते, पांढऱ्या जागा भरून जातात आणि बारकोड वाचला जात नाही. रंगीत झेरॉक्स मात्र लालला लालच ठेवते, त्यामुळे ती या चाळणीतून निसटते. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचायचा असेल, तर पांढऱ्या उजेडात ही नक्षी खऱ्या पावतीलाही अडवू शकते. कोणते स्कॅनर वापरात आहेत हे पाहूनच ही युक्ती लावावी.

रंगीत नकलेसाठी दुसऱ्या कसोट्या आहेत. लेखाच्या सुरुवातीचा ओरखडा ही त्यातली सर्वांत सोपी. साध्या कागदावर काढलेली नक्कल नखाने कितीही घासली तरी रंग उमटत नाही. दोनरंगी कागदावर मात्र हलक्या घासण्याने बहुधा कमी तापमानाचा रंग आधी दिसतो, त्यामुळे काळ्या रेघेऐवजी लालसर रेघ आली की कागद आपलाच असण्याची शक्यता वाढते. दुसरी कसोटी अवरक्त प्रकाशाची. नेहमीच्या थर्मल कागदातलं काळं रंजक डोळ्यांना काळं दिसतं, पण जवळच्या अवरक्त प्रकाशात जवळजवळ पारदर्शक असतं. कार्बन असलेला काळा टोनर तिथेही काळाच राहतो. नोटा तपासायच्या काही यंत्रांत अवरक्त कॅमेरा असतोच. त्याखाली खऱ्या पावतीवरची अक्षरं विरून जातात आणि टोनरची नक्कल ठसठशीत उभी राहते. अवरक्तातही दिसावेत म्हणून खास बनवलेले थर्मल कागदही असतात, तेव्हा आपला रोल कोणता आहे ते आधी तपासून घ्यावं.

रंग साक्ष देतो, कुलूप लावत नाही

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. दोनरंगी रोल विकत मिळतो, प्रिंटरही मिळतो. ज्याच्याकडे दोन्ही आहेत, तो तुमच्या पावतीसारखी पावती कोऱ्या कागदावर पहिल्यापासून छापू शकतो. तिला ओरखडाही लाल येईल आणि अवरक्तात अक्षरंही विरतील. अशा माणसाला रंग अडवू शकत नाही. त्याला अडवते ती विक्रीची मूळ नोंद.

म्हणून पावतीवर एक पडताळा-संकेत हवा. विक्रेत्याच्या प्रणालीत एक गुप्त किल्ली असते. पावतीचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ही किल्ली एका गणिती घुसळणीतून काढली की एक छोटा संकेत मिळतो. रकमेतला एक आकडा बदलला तरी संकेत पूर्ण वेगळा येतो, आणि किल्ली माहीत नसलेल्याला तो हिशेबाने काढता येत नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून ३२ चिन्हांचा संच घेतला आणि संकेत ८ चिन्हांचा ठेवला, तर शक्यता होतात एक लाख कोटींहून अधिक. आंधळेपणाने नेम धरणाऱ्याचा निभाव लागणं कठीण. एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण हुबेहूब नकलेवरचा संकेतही बरोबरच असतो. वस्तू एकदा परत झाली की नोंदीत तशी खूण व्हायला हवी, म्हणजे त्याच क्रमांकाची दुसरी पावती आली की प्रणाली बोलते.

मग रंगाचं काम उरतं कुठे? प्रणाली बंद असते, नेटवर्क जात-येत असतं, खर्चाची पावती तपासणाऱ्या लेखापालाकडे दुकानाची प्रणाली नसतेच. अशा वेळी हातात असतो तो फक्त कागद. या दोन गोष्टी एकमेकींना जोडताही येतात. संकेतातले काही अंक वापरून लाल नक्षीचा आकार ठरवायचा: रेघा किती तिरक्या, कोणत्या चौकटी भरलेल्या, कोणत्या रिकाम्या. मग नक्षी दर पावतीला बदलते आणि एका पावतीची नक्षी दुसरीवर बसत नाही. आधीच छापून आलेल्या रोलवरच्या सुरक्षा-चिन्हांना हे कधीच जमत नाही, कारण ती सगळ्या पावत्यांवर सारखीच असतात. रोलच्या मागे अतिनील प्रकाशात चमकणारी शाई किंवा अतिसूक्ष्म अक्षरं छापून घेणं उपयोगी आहे, पण रोल चोरीला गेला की ती सगळी चोराची होतात.

संकेतात किंवा चौकोनी (क्यूआर) कोडमध्ये ग्राहकाचं नाव, फोन किंवा कार्डाचा पूर्ण क्रमांक भरण्याचं कारण नाही. पावत्या लोक टाकून देतात. वर सांगितलेला तिसरा प्रकार त्यातूनच जन्मतो.

विटणं, भाजणं आणि पाकिटातलं प्लास्टिक

रंजक आणि डेव्हलपर यांची जोडी कायमची नसते. मऊ प्लास्टिकमध्ये त्याला लवचीक ठेवणारे प्लास्टिसायझर असतात. ते कागदात झिरपतात आणि जोडी मोडतात, म्हणून मऊ पीव्हीसीच्या कप्प्यात ठेवलेली पावती काही महिन्यांत फिकी पडते. तेल, हाताला लावायचं क्रीम, चिकटपट्टीचा गोंद यांचाही असाच त्रास. काही द्रावकं मात्र उलट वागतात. ती दोघांना विरघळवून एकत्र आणतात आणि कोरा भागच रंगतो. ऊन दोन्ही बाजूंनी घात करतं: अक्षरं विटतात आणि कागद पिवळा पडतो.

दोनरंगी कागदात लाल रंग जास्त हळवा, कारण तो मुळातच कमी उष्णतेला जागा होणारा. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या काचेजवळ ठेवलेल्या पावतीवर लाल झाक चढू लागते. लॅमिनेशनच्या यंत्रातून गेलेली पावती पूर्ण काळी होते. ती जपण्यासाठी लॅमिनेट करणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावं. बऱ्याच साठवण-सूचनांत २५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा असं सांगितलेलं असतं. वरून संरक्षक थर दिलेला कागद घेतला तर पावती बरीच जास्त टिकते. हमीची पावती असेल तर मिळाल्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ कागद साध्या कागदी पाकिटात ठेवावा.

डेव्हलपरबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. त्यासाठी बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन फार काळ वापरलं गेलं. ते शरीरातल्या हार्मोनांच्या कामात ढवळाढवळ करतं आणि पावती हाताळताना त्वचेवाटे आत जाऊ शकतं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांवर रोखलं. अनेक ठिकाणी त्याच्या जागी आलेलं बिस्फेनॉल-एस त्याचंच भावंड आहे, त्यामुळे 'बीपीए नाही' एवढ्या शिक्क्यावर समाधान मानू नये. ही दोन्ही फिनॉल वर्गातली रसायनं; फिनॉल नसलेले डेव्हलपर वापरलेला कागद मागता येतो. दिवसभर शेकडो पावत्या हाताळणाऱ्या काउंटरवरच्या माणसासाठी हा फरक ग्राहकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

रोल बदलताना

दोनरंगी छपाई फसते ती बहुधा रोल बदलताना. प्रिंटरला सध्या कोणता कागद भरला आहे ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं, कारण त्यावरूनच तो स्पंदांची लांबी ठरवतो. दोनरंगी सेटिंग ठेवून घाईत साधा रोल घातला, तर लालसाठी पाठवलेली थोडी उष्णता त्या कागदाला पुरत नाही आणि नेमकी महत्त्वाची ओळ फिकट करडी येते. परतीची तारीख तिथेच असेल तर ती वाचताच येत नाही. उलट, दोनरंगी रोल आहे पण सेटिंग एकरंगी, तर सुरक्षेची लाल नक्षी काळी उमटते आणि बारकोड खऱ्या पावतीवरच अडकतो. कागद बनवणारा बदलला तरी दोन्ही रंगांची तापमानं थोडी सरकतात, त्यामुळे गडदपणाची पातळी पुन्हा जुळवावी लागते.

हे टाळायला प्रणालीत एक छोटी चाचणी-पट्टी बसवून घ्यावी. रोल बदलला की ती आपोआप छापली जावी: वर लाल सलग पट्टी, मध्ये काळी, त्याखाली लालच्या पोटात काळी अक्षरं आणि शेवटी नक्षी भरलेला बारकोड. काउंटरवरच्या माणसाने तीनच गोष्टी पाहायच्या. लाल पट्टी शेवटपर्यंत लालच आहे का, की खाली जाता जाता तपकिरी झाली? काळ्या अक्षरांभोवतीची किनार वाचायला आड येते का? आणि बारकोड नेहमीच्या स्कॅनरवर पहिल्या झटक्यात वाचला जातो का? तिन्हींचं उत्तर ठीक आलं की पट्टी फाडायची आणि मगच पुढच्या ग्राहकाचं बिल सुरू करायचं.